आठवी काडी

एक बांबूची काडी कोरडी सापडली आणि आमच्या घरातली सात महिन्यांची झोप गेली. काडी म्हणजे केवढी? करंगळीएवढी. तिच्यापायी माझ्या माणसाने स्वतःला, मला आणि तिरोड्याच्या आमच्या इहीनबाईंना, म्हणजे लेकीच्या सासूला, किती छळलं, ते सांगायलाच बसली आहे मी. सांगता सांगता मला राग आला तर येऊ द्या. मला लवकर येतो.

आमचे हे, शिवलाल रहांगडाले, सुतारकाम करतात. आम्ही पोवार. पोवाराने बांधावर उभं राहून धानाकडे बघावं, अशी आमच्याकडची रीत. ह्यांचं मन मात्र लहानपणापासून लाकडात. सोळाव्या वर्षी लाकूड कापायच्या एका आरामशीनवर कामाला लागले, तिथल्या बुढ्या मिस्त्रीजवळ शिकले, आणि पुढे मुर्रीची शेती भावाकडे सोडून कुडव्याला घराशेजारी टिनाचं शेड टाकलं. भावकीतले लोक तेव्हा म्हणत, "पोवाराच्या हाती रंधा! आता दुनिया बुडते, पाहा." दुनिया काही बुडाली नाही. पण ते बोलणं ह्यांच्या मनात जे जाऊन बसलं ते बसलंच. जातीच्या सुताराचा दरवाजा फुगला तर लोक म्हणतात, औंदा पाऊस जास्त झाला. ह्यांचा फुगला तर म्हणतील, पोवार आहे, त्याला काय येते. म्हणून हे एकेक सांधा तीन-तीनदा तपासतात आणि घरी आल्यावर चौथ्यांदा मनात तपासतात.

ह्यांचं नाव झालं ते गुज्जीच्या कामावर. खिळा नाही, स्क्रू नाही. दोन लाकडांत समोरासमोर भोकं पाडायची, मधे बोटभर लांबीची गोल लाकडी खुंटी, म्हणजे गुज्जी, फेविकॉल लावून ठोकायची, आणि शिकंज्यात आवळून पूर्ण एक दिवस ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. पण ह्यांच्या तऱ्हा ऐका. गुज्जी ठणठणीत सुकी पाहिजे, म्हणून माझ्या मुरमुरे भाजायच्या कढईत वाळू तापवून हे त्यात गुज्ज्या भाजणार. मी ओरडणार. हे म्हणणार, "अवं, सुकी गुज्जी फेविकॉलचं पाणी पिऊन भोकात फुगते, मंग कोणाच्या बापाच्यानं निघत नाई." मग प्रत्येक गुज्जीला उभी बारीक चीर, आतली हवा आणि जास्तीचा फेविकॉल बाहेर यायला, नाहीतर तो आतच कोंडतो आणि लाकूड तडकतं. फेविकॉल भोकाच्या आतल्या अंगाला लावायचा, तोही बांबूच्या काडीने. एका सांध्याला एक नवी काडी, सांधा झाला की फेकली. आणि शेवटी, बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने असा पुसायचा, की सांधा कोरडाच बसवला की चिकटवला, हे देवालाही कळू नये. एखाद्या फुहड मिस्त्रीचं काम असतं तर फेविकॉलचे ओघळ तरी दिसले असते. ह्यांच्या सफाईनेच आमचा घात केला.

दुर्गेश्वरी आमची एकुलती एक. तिचं लग्न वैशाखात ठरलं, तिरोड्याच्या बिसेनांकडे. जवाई भुवनेश्वर विजेच्या प्लांटात ठेकेदाराकडे फिटर आहेत, स्वभावाने गरीब, दोन शब्दांवर तिसरा बोलत नाहीत. आंदणात पलंग द्यायचा तर तो बापाच्या हातचा, हे ह्यांनी पोरगी दहावीत होती तेव्हाच ठरवलं होतं. तेव्हापासून सागाच्या फळ्या माळ्यावर वाळत पडल्या होत्या. मी त्यांच्यावर पापड वाळवायची. उशाची एक चौकट, पायथ्याची एक, एकेका चौकटीत चार सांधे. एकूण आठ. बाजूच्या लांब पाट्या तेवढ्या बोल्टने, म्हणजे पलंग खोलून दारातून नेता येतो.

लग्नाला पाच दिवस राहिले होते. हे शेडमध्ये आठ काड्या चिरून बसले. आधी सगळं कोरडं जोडून पाहिलं, ही त्यांची पद्धत. मग एकेक सांधा उघडायचा, भोकात फेविकॉल फिरवायचा, पुन्हा बसवायचा. उशाची चौकट झाली. पायथ्याच्या चौकटीवर आले आणि फोन सुरू झाले. मांडववाला, बसवाला, आचारी. हे उठले, बोलले, बसले, पुन्हा उठले. मुर्रीहून भाऊ आला, त्याच्या बायकोला नीट बोलावलं नाही म्हणून त्याला रुसायचं होतं, तो शेडच्या दारातच रुसून बसला. त्याला मनवलं. मग शिकंजे आवळले, फडक्याने पुसलं आणि पलंग झाला. सुंदर झाला, खोटं कशाला बोलू. बायका हात फिरवून पाहत होत्या.

लग्न झालं, पोरगी गेली, पलंग गेला. तिसऱ्या दिवशी हे शेड झाडत होते. घरात पाहुणे होते, रडायला जागा नव्हती, म्हणून झाडत होते. कचऱ्यात सात काड्या निघाल्या, टोकाला फेविकॉल वाळून कडक झालेल्या. आणि आठवी निघाली साफ कोरडी.

हे ती काडी धरून स्वयंपाकघरात आले. चेहऱ्यावर रंग नाही.

"अवं रुख्मा, ह्या काडीले फेविकॉल नाई."

"मग?"

"मंग एक सांधा कोरडा गेला."

"एका काडीने दोन सांधे केले असतील तुम्ही."

"मी? पंचवीस वर्षांत कधी केले?"

"तर नऊ काड्या चिरल्या असतील."

"आठच चिरल्या. मोजून चिरल्या." आणि काडी उलटीपालटी करून पाहत, "नऊ चिरल्या असतील का वं?"

मला काय माहीत! मी काय काड्या मोजत बसली होती? माझ्यामागे साठ माणसांचा चहा होता. तसं म्हणालीही मी. पण ह्यांच्या कानापर्यंत ते गेलंच नाही. हे मनातल्या मनात पुन्हा शेडमध्ये जाऊन बसले होते आणि पायथ्याच्या चौकटीतला उजव्या हाताचा खालचा सांधा उघडत होते. भाऊ रुसून आला तेव्हा हातात तोच होता. काडी फेविकॉलात बुडवली होती की नव्हती? बुडवली असं दिसत होतं आणि नव्हती असंही दिसत होतं.

मी विचारलं, कोरडा राहिला तर होते काय? गुज्जी तर घट्ट आहे ना? तर म्हणाले, घट्ट आहे म्हणूनच तर भेव. कोरडी गुज्जी लगेच सुटत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, महिना दोन महिने धरून ठेवते आणि मग एक दिवस दगा देते. पलंगाचा पाया बाजूला, पाटी खाली. "आणि रुख्मा, तो दिवस तिच्या सासरी उगवन. जनमभर आयकन पोरगी, का तुह्या बापाचा पलंग मोडला." यात कारागिराची अब्रू किती होती आणि बापाचा जीव किती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. त्यांनाही नसावं.

"मग सरळ जवायाला सांगून टाका. फिटर माणूस आहे, समजून घेईल."

"लेकीच्या आंदणात खोटं काम देल्लं, असं सांगू?"

संपलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. लोक विचारतात, जेवली का, बरी आहेस का. हे विचारणार, "पलंग कसा हाय?" मग, "कुरकुर करते का? कुशीवर झालं तं हालते का?" बापाने नव्या लग्नाच्या पोरीला काय विचारावं याची काही शुद्ध! मी लाजेने पदर तोंडात धरायची. दुर्गेश्वरी बिचारी पहिल्यांदा हसायची. "नाई बाबा, तुमचा पलंग राजावानी उभा हाय," म्हणायची. फोन ठेवला की हे मला म्हणणार, "हसली जराशी. लपवून तं नाई राहिली?"

जूनमध्ये आंबे द्यायच्या निमित्ताने गेले. पण लेकीच्या सासरी बाप बसणार समोरच्या खोलीत, पलंग आतल्या. आत कसे जाणार? पंखा आवाज करतो म्हणून बघायला गेले. पंखा अगदी मुका होता. जवाई मागेमागे आले, मिस्त्रीसासऱ्याला स्टूल आणून दिला, आणि हे बिना कामाचा पंखा खोलून, पुसून, परत लावून घरी आले. पलंगाला हात लावता आला नाही.

मग मला पाठवलं. म्हणे, दुपारी कोणी नसताना पायथ्याचा उजवा कोपरा धरून जोराने हलव, मधे नख शिरते का पाहा. मी गेली, भुट्टे घेऊन गेली. सगळे मागच्या अंगणात होते, तेव्हा आत शिरून कोपरा धरला आणि हलवते तो मागून आवाज, "इहीनबाई, काय करून राहिले?" दारात आमच्या इहीनबाई, सुंदरबाई, दुर्गेश्वरीच्या सासू. दार भरून उभ्या राहतात अशी त्यांची तब्येत. मी म्हटलं, "झाडून राहिली." त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. जाऊन झाडू आणून दिला. मी मुकाट्याने अख्खी खोली झाडली. नख शिरतं का ते पाहायचं राहूनच गेलं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, पहाडासारखा पक्का आहे. खोटं बोलली, पण एक महिना सुखाचा गेला.

आता पुढचं सांगायला मला जड जातं. तरी सांगते, कारण त्यात माझीच चूक आहे.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी सुंदरबाईंचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. दुर्गेश्वरीला तिसरा महिना होता. आम्हाला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, म्हणजे मला. तीन महिने भरले की बाबाला सांगू असं आम्ही मायलेकींनी ठरवलं होतं, नाहीतर हे नऊ महिने धड जेवले नसते. ते पोटातलं रात्री गेलं. मी ह्यांना मावशी आजारी आहे सांगितलं आणि मिळाली ती गाडी धरून तिरोड्याला गेली. दवाखान्यातून आणून तिला त्याच पलंगावर झोपवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, पहिल्या वेळी असं कितीतरी जणींचं होते, कोणाची चूक नाही, काही पडलं-झडलं नाही. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "होते वं असं. तू जवान हाय, पुन्हा होईल. रडू नको." ती रडायची थांबली.

मग मी दुसरी गोष्ट बोलली. "तुह्या बाबाले सांगू नको."

काऊन सांगू नको? कारण ह्यांच्या डोक्यात काय येईल, ते मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. सांधा कोरडा होता. पलंग हलला. पोरीला धक्का बसला. माझ्या हाताने झालं. डॉक्टरीण येऊन सांगो की ब्रह्मदेव येऊन सांगो, ह्यांना पटलं नसतं. जो माणूस एका काडीवरून सहा किलो सुकला, तो या गोष्टीतून उठला नसता. मी सुंदरबाईंनाही गळ घातली, जवायालाही. सुंदरबाई म्हणाल्या, "तुमचा माणूस, तुमाले मालूम." जवायांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी मी कुडव्याला परत आली. पोळ्या लाटत होती. ह्यांनी नेहमीच्या वेळी फोन लावला, स्पीकरवर.

"पलंग कसा हाय, बाई?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"बरा हाय, बाबा."

फोन ठेवून हे माझ्याकडे वळले. "आवाज बारीक होता पोरीचा. आयकला का तू? पलंग हालून राहिला, रुख्मा. मले सांगत नाई." आणि मी, हे देवा, मी म्हटलं, "सर्दी झाली असेल."

त्या दिवसापासून घरात दोन काळज्या झाल्या. त्यांची पलंगाची, आणि माझी, की हे दोन गोष्टी एकत्र जोडतील. दुर्गेश्वरी फोनवर कमी बोलू लागली. 'हो', 'बरा हाय', 'ठेवतो'. ती जितकी कमी बोले, तितकी ह्यांची खात्री पक्की होई. एका गिऱ्हाईकाचं कपाट दोनदा खोलून परत जोडलं. भाताचा घास हातात धरून बसायचे. मी कधी चिडून म्हणायची, "अजी, जगात दुसरा विषय नाही का?" आणि म्हटल्यावर जीभ चावायची, कारण दुसरा विषय होता आणि तो मीच दाबून बसली होती.

कार्तिकात, धान कापणीला आलं तेव्हा, एका सकाळी हे उठले आणि गाडीला पिशवी बांधायला लागले. पिशवीत शिकंजे, लाकडी हातोडा, ड्रिल, फेविकॉलचा डबा, भाजलेल्या गुज्ज्या.

"कुठं निघाले?"

"तिरोड्याले. सांगून टाकतो आणि करून टाकतो. मले आता नाई सहन होऊन राहिलं."

सात महिन्यांपूर्वी मीच म्हटलं होतं सांगून टाका. आता मलाच ते नको होतं. तिथं गेले आणि कोणाच्या तोंडून शब्द निसटला तर? मी म्हटलं, मीही येते. पिशवी सोडून मांडीवर घेतली आणि मागे बसली. रस्ताभर ह्यांच्या पाठीकडे बघत मी मनात एकच म्हणत होती, सांधा कोरडा निघू नये. निघाला आणि पुढे कधी ह्यांना ती गोष्ट कळली, तर सगळं संपलं.

तिथं पोचल्यावर ह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. समोरच्या खोलीत उभ्या उभ्याच सुंदरबाईंना हात जोडले. "इहीनबाई, तुमच्या घरी मी खोटं काम देल्लं. पलंगाचा एक सांधा बिना फेविकॉलचा हाय. सात महिन्यांपासून मले माहीत हाय."

सुंदरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. झाडूचा उलगडा त्यांना तेव्हा झाला असणार.

"इवाई," त्या म्हणाल्या, "माह्यी रोजची दुपारची झोप त्याच पलंगावर होते. माह्या वजनानं नाई मोडला, तो आता कायचा मोडते?"

"नाई बाई. एकदा पाहू द्या."

जवाई ड्यूटीवर होते. दुर्गेश्वरीने गादी उचलून दिली. ती मला वाळलेली दिसली. ह्यांना ती दिसलीच नाही, त्यांची नजर पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यावर. बोल्ट काढले, चौकट जमिनीवर आडवी घातली. फेविकॉल वाटीत काढून ठेवला, काड्या चिरून ठेवल्या. कोरडा असेल तर दोन ठोक्यांत निघेल, लगेच लावू, म्हणाले. पाटीखाली फडकं ठेवून ठोका दिला. नाही निघाला. दुसरा दिला. पाच झाले, दहा झाले.

"अजी, नाही निघत म्हणजे चिकटला आहे! सोडा आता!" मी म्हटलं.

"कोरडा बी घट्ट राहते."

"मग कसं कळणार?"

"उघडल्याबिगर नाई कळत."

आता यावर काय बोलावं! पक्कं आहे की नाही हे बघायला पक्की वस्तू फोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढचा ठोका त्यांनी अंगातला सगळा जोर लावून दिला आणि कडाड आवाज झाला. मी डोळे मिटले.

"इवाई," सुंदरबाईंचा आवाज आला, "पलंग दुरुस्त कराले आले का तोडाले?"

डोळे उघडले तर सांधा निघाला होता. पण एकटा नाही, पायाचं लाकूड सोबत घेऊन निघाला होता. गुज्जी पाटीतच, आणि तिच्या अंगाला पायाच्या सागाचे लांब लांब रेशे चिकटलेले. चिरेमध्ये फेविकॉलची पिवळी रेघ वाळून काचेसारखी झालेली. लाकूड फाटलं होतं, फेविकॉल सुटला नव्हता.

"लावला होता," हे म्हणाले. अंगठ्याने ती रेघ चाचपत राहिले. "रुख्मा, लावला होता वं मी!" आणि हसायला लागले, मग फाटलेल्या पायाकडे पाहून शरमले, आणि पुन्हा हसले. सात महिन्यांनी मी ते हसू पाहत होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मनात म्हटलं, चला, आता नवी गुज्जी घालू, आवळून ठेवू, चहा पिऊ आणि घरी जाऊ. झालं गेलं गंगेला मिळालं.

दुर्गेश्वरी दारातून आत आली. बापासमोर जमिनीवर बसली. पाटीचं ते टोक उचलून तिने ह्यांच्या हातात दिलं.

"बाबा, नीट पाहा. पक्का होता ना?"

"पक्का होता, माय."

"लाकूड फाटलं, पण सांधा नाई सुटला ना?"

"नाई सुटला."

"मंग ह्या पलंगानं कोणाचं काही वाईट नाई झालं ना?"

मला कळलं ती कुठे चालली आहे. मी डोळ्यांनी नको म्हटलं, मान हलवली, शेवटी "दुर्गे!" म्हणून हाकही मारली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कायचं वाईट?" हे म्हणाले.

"तुमी पहिले हो म्हणा."

"हो. ह्याच्यानं काही नाई झालं."

"पोळ्याच्या आठ दिवसांनी माह्या पोटातलं गेलं, बाबा. तिसरा महिना होता."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होती. अजून सात सांधे होते. आता हे त्यांच्याकडे बघणार, मला वाटलं. एक पक्का निघाला तर काय झालं, दुसरा कोरडा असेल, तिसरा असेल. आता हातोडा उचलणार आणि सगळा पलंग फोडणार, आणि नाही सापडलं तरी मनात शोधत राहणार, मरेपर्यंत.

ह्यांनी हातातली पाटी बाजूला ठेवली. तिच्याकडे पुन्हा पाहिलंच नाही. पोरीकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"लय दुखलं का वं, माय?"

"लय दुखलं, बाबा," ती म्हणाली, आणि जी रडायला लागली ती अशी की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हे सरकून तिच्याजवळ बसले. उगी उगी म्हणाले नाहीत, होते असं म्हणाले नाहीत. "सांग," म्हणाले. "पहिल्यापासून सांग." आणि ज्या माणसाचे हात पंचवीस वर्षांत मी कधी रिकामे पाहिले नव्हते, तो हात मांडीवर ठेवून ऐकत बसला.

दुखलं का, हे मी विचारलं नव्हतं. सुंदरबाईंनी नाही, डॉक्टरणीनेही नसेल. मी तिची माय, पहिल्या गाडीने गेली होती, आणि तिला पहिली गोष्ट सांगितली ती रडू नको. ह्यांना सोसणार नाही म्हणून मी लपवलं असं मी सगळ्यांना सांगत आली, स्वतःलाही. सोसत मलाच नव्हतं. ती जे सांगत होती त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. त्या रात्री ती एकटीच किती वेळ न्हाणीत बसून होती. जवाई दवाखान्यातून येताना रिक्षात रडले, आणि तिने त्यांना गप्प केलं. दोन महिने ती रोज संध्याकाळी फोनची वाट पाहायची, की आज तरी बाबा दुसरं काही विचारतील.

वाटीतल्या फेविकॉलवर साय धरायला लागली होती. मी सवयीने उठली, म्हटलं, वाळून जाईल, सांधा करून घ्या. सुंदरबाईंनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि खिडकीत ठेवून दिली.

"बसा, इहीनबाई," त्या म्हणाल्या. "पोरगी बोलून राहिली."

मी बसली.